दोन दूतांच्या मधली माणसं

एकाच महिन्यातल्या दोन रात्री आहेत. पहिल्या रात्री पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन आम्ही रुग्णवाहिकेतून नाशिककडे निघालो. कोटंबी घाटाच्या अलीकडेच बाळाचं डोकं दिसू लागलं. पायलटदादांनी गाडी कडेला घेतली, आतले दिवे लावले आणि पावसात बाहेर पाठ करून उभे राहिले. सोबतच्या आशाताईंनी बाईचे खांदे धरले. बाळ आलं, रडलं, आईच्या छातीवर ठेवलं, पुसलं, झाकलं. नाळेतलं स्पंदन थांबल्यावर ती बांधून कापली. आईला दंडात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही पुढे निघालो. तिसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली : रुग्णवाहिकेतले देवदूत.

दुसरी रात्र त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी. छातीत दुखणाऱ्या एका आजोबांसाठी फोन आला तेव्हा आम्ही नाशिकला रुग्ण सोपवून परत फिरत होतो आणि जवळची दुसरी गाडी दुसऱ्या कामावर होती. पोहोचायला 1 तास 10 मिनिटं लागली. अंगणात माणसं जमली होती. आजोबा गेले होते, आणि जाऊन बराच वेळ झाला होता. मी नाडी पाहिली, ईसीजीची सरळ रेघ काढली, वेळ लिहिली. कोणीतरी गाडीच्या काचेवर हात आपटला. गर्दीतून एक बाई म्हणाली, "आले बघा यमदूत."

त्या बाईवर माझा राग नाही. तिच्या घरातलं माणूस गेलं होतं. त्या रात्रीपासून मला डाचतं ते वेगळंच. दोन्ही रात्री गाडी तीच होती, माणसं तीच दोन, पिशवी तीच. हाक आल्यावर निघायला लागलेला वेळही जवळपास तोच. आम्ही दोन्ही वेळा सारखंच काम केलं. निकाल वेगळा लागला आणि आमचं नाव बदललं. देवदूत आणि यमदूत यांच्या मध्ये कुणी माणूस उभा असू शकतो, त्याचं काम चांगलं किंवा वाईट असू शकतं आणि ते निकालावरून नव्हे तर कामावरून ओळखता येतं, ही गोष्ट आपल्या बोलण्यात कुठेच येत नाही.

भाषेनेही इथे आपल्याला थोडं उघडं पाडलं आहे. 'व्यावसायिक' म्हटलं की आपल्याला व्यावसायिक गाळा आठवतो, व्यावसायिक गॅस सिलिंडर आठवतो. त्या शब्दाला पैशाचा वास आहे. त्याच्या समोर आपण 'सेवा' हा शब्द ठेवतो, आणि सेवा म्हटली की मोबदला, विश्रांती, प्रशिक्षण यांची भाषा करणं ओशाळवाणं वाटू लागतं. देवदूताला पाळी नसते, पगार थकला म्हणून तो विचारत नाही, आणि त्याला पुन्हा शिकवण्याची गरज नसते. म्हणून मला हे कौतुक नकोसं होतं. मला हवा असलेला शब्द मराठीत आहे आणि तो जुना आहे : चोख. सोनं चोख असतं, हिशेब चोख असतो, काम चोख असतं. त्यात कौशल्यही आहे आणि सचोटीही, आणि दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. रुग्णवाहिकेच्या कामात हा शब्द कसा दिसतो, ते मला सांगायचं आहे.

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा 937 गाड्या होत्या : 233 प्रगत जीवरक्षक, 704 मूलभूत. कुठूनही फोन केला तरी तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात जातो. आपल्या राज्याने एक निर्णय वेगळा घेतला. बहुतेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. इथे डॉक्टर ठेवला, आणि तो बहुधा माझ्यासारखा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. दुसरा माणूस म्हणजे गाडी चालवणारा. त्याला सगळे पायलट म्हणतात आणि त्याने तो शब्द कमावला आहे.

दोन माणसं, हे नीट समजून घ्यायला हवं. गाडी चालू लागली की पायलट पुढे आणि मागे मी एकटी. हृदय थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबायची असते. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा जोर उतरतो. म्हणून पुस्तकात दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं लिहिलेलं आहे. इथे बदलायला माणूस नाही. मग मी नातेवाइकाला हाताशी घेते. एकदा एका वहिनींच्या हातात श्वास देण्याची अँबू बॅग दिली आणि सांगितलं, मी 'आता' म्हटलं की दाबायची, एरवी नाही. ती बाई नाशिक येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती, एकदाही चुकली नाही. तिचा दीर वाचला नाही. पण त्या तासात मला तिच्याइतकं चोख काम करणारं कुणी भेटलं नव्हतं.

पुढे बसलेला माणूस काय करतो हे बाहेरून दिसत नाही. वेग सगळ्यांना दिसतो, म्हणून वेगाचंच कौतुक होतं. माझे पायलटदादा घाटात फार वेगाने चालवत नाहीत. ते बोलतात. "मॅडम, डावं वळण." "मॅडम, गतिरोधक." "मॅडम, आता सरळ आहे, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत मी सुई लावून घेते. ब्रेक लागायच्या आधी मला कळतं, म्हणून माझा एक हात दांडीवर आणि दुसरा रुग्णावर असतो. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. एकदा अचानक ब्रेक लागल्यावर माझं डोकं कपाटावर आपटलं होतं. त्या दिवसापासून ते बोलू लागले.

पत्ता शोधणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग. फोन करणारा बहुधा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून बोलतो. गावाचं नाव सांगतो, आणि राज्यात पिंपळगावं आणि वडगावं किती, याला गणती नाही. घराला क्रमांक नसतो. वडापाशी या, शाळेमागे या, एवढंच. सीमेवरच्या पाड्यांत मोबाइल गुजरातचा टॉवर पकडतो आणि हाक भलतीकडे लागते. पावसाळ्यात रस्ता जिथे संपतो तिथून पुढे रुग्ण झोळीत येतो, चार माणसांच्या खांद्यावर, बांबूला बांधलेल्या चादरीत. ती चार माणसं चिखलातून दोन तास चालून आलेली असतात. 'उशीर' मोजायचा तर तो गाडीपासून सुरू करून चालत नाही, रस्त्यापासून मोजावा लागतो. पण अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला समोर दिसते ती गाडी.

आता माझी चूक. कीटकनाशक प्यायलेला तरुण होता, विशीतला. अशा रुग्णाच्या तोंडाला फेस येतो, छाती पाण्याने भरते, बुबुळं टाचणीएवढी होतात. कपडे काढावे लागतात, कारण विष कपड्यांतूनही अंगात जात राहतं. नातेवाईक म्हणतात, राहू द्या मॅडम, उघडा कशाला करता. काचा उघडाव्या लागतात, नाहीतर त्या वासाने आपलंच डोकं गरगरतं. अॅट्रोपिन देत राहायचं, छाती कोरडी होईपर्यंत. आणि तोंडातली लाळ ओढून घ्यायला सक्शन लावायचं. मी बटण दाबलं. मशीन बंद. आदल्या रात्री वापरलं होतं आणि चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. सकाळच्या तपासणीत त्यासमोर मी टिक केली होती, न तपासता. मी त्याला कुशीवर वळवलं, बोटाला गॉज गुंडाळून तोंड पुसत राहिले. बारा मिनिटं, केबल गाडीच्या सॉकेटला जोडून मशीन सुरू होईपर्यंत.

रुग्णालयात सोपवताना माझ्यासमोर दोन वाक्यं होती. 'सक्शन केलं' एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. मी सांगितलं की पहिली बारा मिनिटं सक्शन नव्हतं, लाळ श्वासनलिकेत गेली असण्याची शक्यता आहे. तिथल्या डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, लगेच छातीचा एक्स-रे लिहिला. तेच मी नोंदीतही लिहिलं.

माझ्या मते चोखपणा त्या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहे. आमचं काम मुळातच अपुरं असतं. दुसऱ्याने सुरू केलेली गोष्ट आम्ही मध्येच हातात घेतो आणि तिचा शेवट होण्याआधी तिसऱ्याच्या हातात देतो. सर्जनला टाके दिसतात, शिक्षकाला निकाल दिसतो. आमच्या हातात फक्त मधला तास असतो आणि तो तास कुणी पाहिलेला नसतो. रुग्ण शुद्धीत नसतो, नातेवाईक रडत असतात. त्या तासाचा एकच साक्षीदार म्हणजे आमची नोंद. ती खोटी असली तर पुढचा डॉक्टर आंधळा होतो. किती वाजता पोहोचलो, रक्तदाब किती होता, काय दिलं, काय देता आलं नाही : हे खरं लिहिणं मला गाडीतल्या कुठल्याही कौशल्याइतकं मोठं वाटतं. 'देवदूत' हा शब्द इथेच घात करतो. देवदूताला चूक कबूल करायला जागाच उरत नाही, आणि ज्याला यमदूत म्हणतात तो भीतीने चूक लपवतो.

देवदूत आणि यमदूत यांच्या मधली जागा तयार करावी लागते, हे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची हकिगत वाचल्यावर मला जास्त स्पष्ट कळलं. 1960 च्या दशकात तिथे आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी येई, किंवा अंत्यसंस्कार करणाऱ्यांची. शववाहिकेत माणूस आडवा मावतो, एवढंच कारण. रुग्णाला न्यायला खरोखरच यमाची गाडी येत होती. डॉ. पीटर साफर हे भूलतज्ज्ञ तिथे होते, तोंडाने श्वास देऊन आणि छाती दाबून जीव वाचवण्याची पद्धत ज्यांनी घडवली त्यांतले एक. 1966 मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याने गेली. पुढल्या वर्षी 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. त्यात घेतलेली माणसं हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतली होती, ज्यांना शहराने कामाला लायक नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यांना सुमारे 300 तासांचं प्रशिक्षण मिळालं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत रस्त्यावर काम केलं आणि या विद्येचं पाठ्यपुस्तक लिहिलं. 1975 मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केलं, आणि ज्यांनी हे काम घडवलं त्यांतल्या बहुतेकांना हळूहळू बाहेर काढलं.

मला त्यातली प्रशिक्षणाची गोष्ट जितकी मोलाची वाटते तितकीच शेवटची वेदनाही. काम चोख करणाऱ्याला ते काम आपलं म्हणून टिकवता आलं नाही. आपल्याकडे हे वेगळ्या रीतीने होतं. गाडीत येणारा तरुण डॉक्टर ही नोकरी वाटेतला थांबा समजतो. स्वतःचा दवाखाना उघडेपर्यंत, लग्न ठरेपर्यंत, दुसरी जाहिरात निघेपर्यंत. त्याला दोष देता येत नाही. कंत्राटावरच्या नोकरीत दहा वर्षांचा अनुभव असलेल्याला वरची पायरीच नाही. मग तीन वर्षांत हात बसतो आणि हात निघून जातो. घाटातलं वळण, विषाचा वास, घाबरलेल्या माणसाशी बोलायचा सूर, हे सगळं त्याच्यासोबत जातं. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. ही चांगली सुरुवात आहे. पण यादीतल्या नावाला बढती, सुटी आणि दरवर्षीचं फेरप्रशिक्षण जोडलं नाही तर तो माणूस यादीतच राहील, गाडीत राहणार नाही.

हल्ल्यांविषयी थोडंच बोलते, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध राज्याचा कायदा 2010 पासून आहे. रात्री दोन वाजता पाड्यावर तो आमच्यासोबत येत नाही. तिथे उपयोगी पडते ती गाडीतून उतरल्याबरोबर पहिल्या मिनिटात घरच्यांशी बोलण्याची सवय : मी कोण, आता काय करणार, तुमच्यातला एक जण माझ्यासोबत राहा. गेलेल्या माणसाचीही नाडी सावकाश, आदराने पाहणं. त्या आजोबांच्या अंगणात मी हे घाईने केलं होतं. उशिराची लाज वाटून मी खाली मान घालून काम उरकलं. काचेवर हात पडला त्यात त्या घाईचाही वाटा होता, असं मला आज वाटतं.

त्या विष घेतलेल्या मुलाचं काय झालं? आठ दिवसांनी दुसरा रुग्ण सोपवायला गेले तेव्हा वॉर्डात विचारलं. सिस्टर थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "कोणता? रोज येतात हो." मी तारीख सांगितली. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट खाली नेत गेल्या, आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. त्या गेल्या. रजिस्टर उघडंच होतं. मी वाकून पाहिलं नाही. खाली पायलटदादा स्ट्रेचर घेऊन थांबले होते आणि पुण्याहून पुढच्या हाकेसाठी फोन आला होता.

आता सकाळी पाळी घेताना मी यादी हातात धरून मागच्या दाराने आत चढते. ऑक्सिजनच्या दोन्ही सिलिंडरचा काटा पाहते, चावी जागेवर आहे का पाहते. लॅरिंगोस्कोप उघडून दिवा लागतो का पाहते. सक्शनचं बटण दाबते आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवते. अंगठा ओढला गेला की मगच टिक करते. पायलटदादा पुढून विचारतात, "झालं का, मॅडम?" मी नळीवरून अंगठा काढते आणि पुढच्या ओळीकडे वळते.