संकासुराचा वर्ग कोण घेणार?

फाल्गुनात गुहागर तालुक्यातल्या वाड्यांमधून खेळे बाहेर पडले की सगळ्यांची नजर संकासुरावर असते. अंगात काळा पायघोळ पोशाख, तोंडावर मुखवटा, लांब पांढरी दाढी, डोक्यावर निमुळती उंच टोपी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. मृदंगावर थाप पडते आणि तो कमरेला असा झटका देतो की घुंगरं आधी वाजतात, पाऊल मागून पडतं. पोरं किंचाळत आईच्या पदराआड दडतात. त्याच अंगणात घरातली म्हातारी मात्र पुढे होऊन त्याच्या पाया पडते.

ती नक्की कोणाच्या पाया पडते? पुराणातला शंखासुर म्हणजे वेद पळवणारा दैत्य. विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याला मारलं. म्हणजे सोंग राक्षसाचं, आणि ते घेणारा शेजारच्या वाडीतला शेतकरी, नाहीतर रजा काढून मुंबईहून आलेला चाकरमानी. त्याच्या बाजूला साडी नेसून ठुमकणारी गोमू, तोही पुरुषच. तरीही खेळे दारात आले म्हणजे देवाचं माणूस दारात आलं, ही भावना कोकणात आजही पक्की आहे.

याच भावनेतून एक प्रश्न उभा राहतो. नमन-खेळे किंवा गणपतीत नाचली जाणारी जाखडी ही पूजा असेल, तर ती वर्ग भरवून, फी घेऊन, येईल त्या मुलामुलीला शिकवावी का?

प्रश्न हवेतला नाही. पूर्वी पोर खेळ्यांच्या मागे चालत चालत शिकायचं. आधी टाळ हातात यायचा, मग कधीतरी कोणी आजारी पडलं की पायात चाळ बांधले जायचे. आता पोर विरार-नालासोपाऱ्यात वाढतं आणि शिमग्याला चार दिवस गावी येतं. चार दिवसांत मृदंगाचा बोल कानात बसत नाही. दुसरीकडे शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘कोकणी नृत्य’ बसवायला शहरातून कोणीतरी येतं, स्पीकरवर गाणं लागतं, आठवड्याभरात नाच तयार होतो. मग कोणी म्हणतं, आपणच रीतसर वर्ग काढू. त्यावर जाणती माणसं मान हलवतात: देवाचं काम आहे ते, त्याचा क्लास कसा होईल?

या हरकतीत तथ्य आहे. खेळे दारोदार फिरतात, घरोघरचा नवस फेडतात, गाऱ्हाणं घातलं जातं, पालखी सहाणेवर येते. ट्यूबलाइटच्या उजेडात, फरशीवर, संध्याकाळी सहा ते सात या वेळात यातलं काय उरेल? उरतील ती पावलं. म्हणूनच आधी पावलांची नुसती पावलं म्हणून काही किंमत आहे का, हे विचारायला हवं.

हाच प्रश्न नाट्यशास्त्रात मुनींनी भरताला विचारला आहे. चौथ्या अध्यायात ब्रह्मदेव ‘त्रिपुरदाह’ हा प्रयोग शंकरापुढे करवतो. शंकर प्रसन्न होतो आणि त्यात नृत्ताची भर घाला म्हणतो. शिकवायला मात्र तो स्वतः बसत नाही. तंडूला बोलावतो आणि भरताला अंगहार शिकवण्याचं काम त्याच्याकडे सोपवतो. १०८ करणांचा, म्हणजे नृत्ताच्या मूळ हालचालींचा, पाठ या तंडूकडून सुरू होतो. पुढे मुनी शंका काढतात: हे नृत्त गाण्याचा अर्थ सांगत नाही, कथाही पुढे नेत नाही, मग ते हवं कशाला? भरताचं उत्तर आजही थक्क करणारं आहे. नृत्ताला कसल्याच प्रयोजनाची गरज नाही, ते शोभा निर्माण करतं म्हणून आलं, एवढंच तो सांगतो. ज्या ग्रंथाला परंपरेने पाचवा वेद मानलं, त्यात नेमलेला शिक्षकही आहे आणि निव्वळ सौंदर्याला मान्यताही आहे. वर्गाने देव दूर जातो, या भीतीला इथे आधार सापडत नाही.

गुहागरच्या आसपास तर तत्त्वज्ञानाचा वर्ग रात्रभर भरतो, फक्त त्याला कोणी वर्ग म्हणत नाही. गणपतीत जाखडी रंगते तेव्हा मधे गाणारे-वाजवणारे बसतात, भोवती नाचणारे गोल धरतात. या जाखडीतूनच शक्ती-तुऱ्याचे सामने उभे राहिले. शक्तीवाला म्हणतो प्रकृती आधी, तुरेवाला म्हणतो पुरुष आधी. गण, गौळण झाली की सवाल-जवाब सुरू होतात आणि दिवसभर भाताच्या खाचरात राबलेली माणसं शिव मोठा की शक्ती मोठी यावर शास्त्रार्थ ऐकत बसतात. शाहीर आपल्या गुरूचं आणि घराण्याचं नाव गाण्यात गुंफतो, कारण ही विद्या त्याने कोणाच्या तरी पायाशी बसून घेतलेली असते. तालीम, गुरू, घराणं हे सगळं इथे आधीपासून आहे.

त्या वादाचा निकाल लागत नाही आणि लागूही नये. गुहागरात व्याडेश्वराच्या देवळात मधोमध शंकर आहे आणि चार कोपऱ्यांत सूर्य, गणपती, विष्णू, अंबिका. वरच्या पाटात दुर्गादेवीच्या देवळात गाभारा देवीचा. दोन्हीकडे नारळ ठेवणारे हात तेच. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिव-शक्तीचं जे वर्णन केलं आहे, त्यात एकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे करताच येत नाही. नाच आणि पूजा यांचंही तसंच मानायला काय हरकत आहे?

आणि भक्तीचं शिक्षण संस्थेत होतं याचा महाराष्ट्राला शंभरहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मुलं राहून ज्ञानेश्वरी, गाथा, पखवाज, कीर्तन शिकतात. त्यामुळे कीर्तनातली भक्ती आटली असं म्हणायला कोणी धजावणार नाही.

मग धोका आहे कुठे? तो देवाला नाही, माणसांना आहे. भरतनाट्यमचा इतिहास हे उघड दाखवतो. तंजावरच्या मराठी दरबारात, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी या नृत्याची मांडणी केली. ते जपलं देवदासींनी आणि त्यांच्या नट्टुवनारांनी, म्हणजे नृत्यगुरूंनी. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रासमध्ये १९४७ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. शोषण थांबायलाच हवं होतं. पण त्याच सुमारास नृत्य देवळातून वर्गात आलं, १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींचं कलाक्षेत्र उभं राहिलं, चांगल्या घरच्या मुली शिकू लागल्या, आणि ज्या बायकांच्या अंगात ती कला होती त्यांतल्या बहुतेक या नव्या वर्गांच्या बाहेर राहिल्या. नृत्य ‘शुद्ध’ करायचं म्हणून शृंगार कमी केला गेला. देवदासी परंपरेत जन्मलेल्या बालसरस्वतींनी त्याला कडाडून विरोध केला. शृंगार हीच भक्ती आहे, तिला सोवळं नेसवायची गरज नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. त्या शिकवत राहिल्या म्हणून ती बाजू जगाला कळली. शिकवायची संधीच न मिळालेल्या कितीजणींची बाजू त्यांच्याबरोबर संपली असेल.

याउलट उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीतलं आहे. रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोव्हा १९२२च्या सुमारास भारतात आली आणि तिच्याकडून प्रेरणा घेतलेल्यांत मादाम मेनका होत्या. मेनकाबाईंनी भारतीय कथानकांवर बॅले बसवले, १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन गौरव मिळवला आणि खंडाळ्यात नृत्यालय काढलं. संस्था नवी, शिकवण्याची पद्धत नवी, पण शिकवायला बसवले ते परंपरेतले गुरू: कथकला लखनौकडचे, कथकलीला केरळातले, मणिपुरीला बिपिन सिंह. त्यांच्या तालमीतून दमयंती जोशी घडल्या. मालवणचे पार्वतीकुमार यांनी तर उलटी वाट धरली. कोकणातून ते भरतनाट्यमकडे गेले आणि तंजावरच्या ग्रंथालयात पडून असलेल्या सरफोजीराजांच्या मराठी रचना त्यांनी रंगमंचावर उभ्या केल्या. शिकायला जन्म आडवा येत नाही, याचा याहून चांगला दाखला कोकणी माणसाला कुठे मिळणार!

मुलींचा प्रश्न तर यापुढे उरतच नाही. जिथे पुरुष साडी नेसून गोमू होतो आणि ते देवाला चालतं, तिथे बाई संकासूर झाली तर का चालू नये? मुंबईत आणि गावांतही आता बायका शक्ती-तुऱ्याला उभ्या राहतात, सवाल करतात, जवाब देतात. बहुरंगी नमनाचे खेळ परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकिटावर झाले आहेत. अंगणाची वेस केव्हाच ओलांडली गेली आहे.

तेव्हा गुहागर, शृंगारतळी, पालशेत, हेदवीकडच्या मंडळांना आणि शाळांना एकच विनंती. वर्ग जरूर काढा. फी घ्या, हजेरी घ्या, मुलीही घ्या. पण समोर शिकवायला उभा राहील तो ज्याने वीस शिमगे कमरेला घुंगरांचा पट्टा बांधला आहे तोच असू द्या, मग त्याच्याकडे प्रमाणपत्र असो वा नसो. मृदंग वाजवणारा म्हातारा हात चालतात तोवर बोलवा. त्याला नारळ-शाल देऊन परत पाठवू नका. महिन्याचं मानधन ठरवा आणि नोटीस बोर्डावर शिक्षक म्हणून त्याचं नाव लिहा.