पडद्यावरील अब्राहाम आणि दारातील वाटसरू

१९९२ साली दूरदर्शनवर ‘बायबल की कहानियाँ’ ही हिंदी मालिका सुरू झाली. केरळमधील ‘नवोदय’ या चित्रपटसंस्थेची ती निर्मिती. रामायण-महाभारताच्या मालिकांनी साऱ्या देशाला खिळवून ठेवले होते. आता पवित्र शास्त्रातील कथाही त्याच पडद्यावर येणार, याचा केदारखेड्यासारख्या गावातील आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना केवढा आनंद झाला!

काही वडीलधारी मंडळी मात्र विचारीत, शास्त्रात नसलेले संवाद घालण्याचा अधिकार यांना कोणी दिला? प्रश्न रास्त होता. परंतु शास्त्रकथा नव्याने सांगणे आपल्या भाषेला नवे नाही. गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. ते बायबलचे भाषांतर नव्हे. पुराणे ऐकत वाढलेल्या भाविकांसाठी त्यांच्याच ओवीछंदात केलेले ते निरूपण आहे. तेव्हा केवळ कल्पनेचा आधार घेतला म्हणून मालिकेला दोष देता येणार नाही. शास्त्र कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, हे मुलांना समजावणे आपले काम.

खरा धोका आम्हांस निराळ्याच ठिकाणी आढळला. एकदा अब्राहामाची कथा रंगात आली होती. इतक्यात दारात एक वाटसरू बाई पाणी मागत उभी राहिली. आमच्यापैकी कोणीही उठले नाही. हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली. भाग संपल्यावर पाहतो, तो ओटा रिकामा! मम्रे येथे तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी पुरुषांना पाहताच धावत सामोरा गेला आणि त्याने पाय धुण्यास पाणी देऊ केले. त्याचीच कथा पाहणारे आम्ही जागचे हललो नव्हतो.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला आणि अपराध्याला शिक्षा ठोठावून मोकळा झाला. तो अपराधी तूच आहेस, हे नाथानाने त्यास तोंडावर सांगितले. पडद्याला असे आपल्याकडे वळता येत नाही. तो डोळ्यांत पाणी आणतो आणि तेवढ्यानेच आपण धार्मिक झाल्याचे समाधान आपणांस मिळते.

आज ‘द चोझन’सारख्या मालिका मोबाइलवरही पाहता येतात. त्या जरूर पाहाव्यात. मात्र त्यानंतर शास्त्रातील तो अध्याय घरात मोठ्याने वाचावा आणि प्रत्येकाने स्वतःस विचारावे, या कथेत मी कोण? नाथानाचे काम आता आपणच आपल्यापुरते केले पाहिजे.

आमच्या घरी तेव्हापासून एक नियम आहे. दारी कोणी आले की आधी टीव्ही बंद होतो.