सरळ केलेले अंगण

अमेरिकेतील ‘स्पेक मियाटा’ या मोटारशर्यतीचे मला मोठे कुतूहल वाटते. माझदा कंपनीची ही दोन आसनांची छोटी मोटार १९८९ साली बाजारात आली. हौशी माणसे घरच्या गॅरेजात ती उघडतात, आतले गालिचे काढून टाकतात, जीव वाचवणारा पोलादी पिंजरा बसवतात. पण स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर, टायर सर्वांना ठरवून दिलेलेच. थोरल्या इंजिनाला हवा अडवणारी चकती. चालकासकट गाडीचे किमान वजनही नेमलेले. एरवी कायद्याने मना केलेले नाही ते चालते. इथे नियमाने परवानगी दिलेली नाही ते चालत नाही.

पदरचे पैसे खर्चून माणूस स्वतःला असे का बांधून घेतो? मला वाटते, आपला विजय पैशाने विकत घेतलेला नाही, एवढे त्याला मनाशी म्हणता यावे म्हणून. पैसा तिथेही शिरतोच. पण त्याची वाट अरुंद होते.

मात्र गाड्या सारख्या झाल्या की हरणाऱ्याची सबबही जाते. नाचता येईना, आणि अंगण तर सरळ करून दिलेले! समान संधी आपण सारेच मागतो, मागावीच. पण तिच्याबरोबर आपले खरे माप पदरात पडते, तेही मुकाट्याने घेण्याची तयारी हवी.