पंच नसलेली झडती

दोन वर्षांपूर्वी मी एकदा पंच झालो होतो. टपरीवर चहा पीत उभा होतो. एका हवालदारानं विचारलं, "पाच-दहा मिनिटं येता का? पंच हवाय." पाच-दहा मिनिटांचे अडीच तास झाले.

आमच्याच वस्तीतल्या एका मुलावर मोबाइल चोरल्याचा संशय होता. पोलिसांनी कपाट उघडलं, गाद्या उलट्या केल्या, पिठाचा डबाही सोडला नाही. मी आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नुसते उभे होतो. मुलाची आई मात्र पोलिसांकडे बघतच नव्हती, ती सारखी आम्हा दोघांकडे बघत होती. प्रत्येक डबा उघडताना आमची नजर तिथे आहे ना, याकडे तिचं लक्ष होतं. शेवटी माळ्यावर तीन फोन सापडले. आम्ही पंचनाम्यावर सह्या केल्या, यादीची प्रत तिच्या हातात गेली. ती खूप रडली. पण 'हे तुम्हीच ठेवलंत' असं पोलिसांना म्हणाली नाही. म्हणता आलंच नसतं, कारण आम्ही बघितलं होतं.

पोलिसांना आपले कॉम्प्युटर आणि फोन हॅक करायची मुभा असावी का, या प्रश्नाबद्दल वाचताना मला दरवेळी ती खोली आठवते.

२०१५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफबीआयनं 'प्लेपेन' नावाच्या साइटचा सर्व्हर ताब्यात घेतला. मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो आणि व्हिडिओ डार्क वेबवर वाटणारी ही साइट. टॉर ब्राउझरमुळे कोण कुठून येतंय ते कळत नव्हतं. एफबीआयनं साइट बंद केली नाही. सुमारे १३ दिवस ती स्वतःच चालवली आणि लॉगिन करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक छोटा प्रोग्रॅम सोडला. तो त्यांचा खरा आयपी अ‍ॅड्रेस कळवायचा. व्हर्जिनियातल्या एका मॅजिस्ट्रेटच्या एका वॉरंटवर १२० देशांतले ८,०००हून जास्त कॉम्प्युटर असे उघडले गेले.

एफबीआयच्या म्हणण्यानुसार त्यातून अमेरिकेत किमान ३५० जणांना अटक झाली आणि तिथल्या ५५ मुलांची ओळख पटली किंवा सुटका झाली. 'प्रायव्हसी' हा शब्द इथे उच्चारायलाही लाज वाटते. मी त्या अधिकाऱ्याच्या जागी असतो तर? खरं सांगतो, मीही तो प्रोग्रॅम सोडला असता. साइट चालू ठेवली असती का, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ज्या मुलांचे फोटो ते १३ दिवस फिरत राहिले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पण पुढे जे झालं ते मला जास्त खटकतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका आरोपीच्या वकिलांनी तो प्रोग्रॅम तपासायला मागितला. आमच्या अशिलाच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत ते दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सरकारनं नकार दिला. तेव्हा न्यायाधीशांनी तो पुरावाच बाजूला ठेवला, आणि २०१७मध्ये सरकारनं खटला मागे घेतला. म्हणजे आरोपी सुटला तरी चालेल, पण आत शिरायची वाट गुप्त राहिली पाहिजे. ही वाट ज्या फायरफॉक्सवर टॉर उभा आहे त्यातली असू शकते, म्हणून मोझिलानंही कोर्टाकडे माहिती मागितली होती. त्यांची काळजी रास्त होती. पोलिसांना सापडलेलं भगदाड दुरुस्त न करता झाकून ठेवलं, तर ते चोरालाही सापडू शकतं. ते तुमच्या-माझ्या फोनमध्येही असतं.

आणि जो आत शिरून वाचू शकतो, तो बऱ्याचदा आत काही ठेवूही शकतो. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८मध्ये एका आरोपीचा लॅपटॉप जप्त केला. बचाव पक्षाच्या वतीनं तो तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीनं २०२१मध्ये सांगितलं, की जप्तीआधी सुमारे २२ महिने कुणीतरी मालवेअरनं त्यात वावरत होतं आणि गुन्ह्यात अडकवणाऱ्या फाइली त्यानंच ठेवल्या. हे 'कुणीतरी' कोण, हे कोर्टात सिद्ध झालेलं नाही. तपास यंत्रणेला हा निष्कर्षही मान्य नाही. पण त्या आईला माळ्याबद्दल जी खात्री होती, ती या लॅपटॉपबद्दल कुणाला देता येईल? पंचनामा झाला तो जप्तीच्या दिवसाचा. आधीच्या २२ महिन्यांना साक्षीदार नाही.

हॅकिंगवर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. घरात शिरायचा अधिकारही आपण पोलिसांना दिलाच आहे. पण तो देताना दोन अनोळखी माणसं सोबत उभी केली, यादीची प्रत द्यायला लावली. पोलीस वाईट असतात म्हणून नव्हे, तर चांगल्या पोलिसाचाही शब्द एकट्यानं पुरत नाही म्हणून.

असं काही हॅकिंगलाही लावता येतं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००८मध्येच म्हटलं, की आपल्या कॉम्प्युटरची गुप्तता आणि त्याचं अबाधित असणं हा मूलभूत हक्क आहे. तिथल्या २०१७च्या कायद्यानं पोलिसांना हॅकिंगची परवानगी दिली, पण कोणतं साधन वापरलं, कधी, यंत्रात काय बदललं, याची नोंद सक्तीची केली. नंतर संबंधिताला कळवावंही लागतं. नोंद पोलीसच ठेवणार, म्हणजे हा अर्धाच पंच. तरी निदान जागा राखून ठेवली आहे.

त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. नुसता उभा राहून बघत होतो. पण त्या बाईला त्या खोलीत तेवढाच आधार होता. माझ्या फोनची झडती कधी झालीच, तर मला कळणारही नाही. तेव्हा मी कुणाकडे बघायचं?