ओके

आमच्या घरात दिवसभरात जेवढे कप चहा लागतो, त्याच्या तिप्पट 'ओके' लागतात. तब्येत कशी आहे? ओके. सिनेमा कसा होता? ओके. यातला पहिला म्हणजे ठणठणीत, दुसरा म्हणजे पैसे पाण्यात. दूधवाल्याला म्हटलेला ओके म्हणजे 'समजलं', चिरंजीवांना म्हटलेला म्हणजे 'आता पुरे', आणि सौभाग्यवतींनी एकदाच, थंडपणे उच्चारलेला म्हणजे काय, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

या शब्दाचा जन्मच मुळी चेष्टेतला. अमेरिकेत बोस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना एकदा मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायचं खूळ लागलं होतं. 'ऑल करेक्ट'मधला ए काढून ओ घातला, सी काढून के घातला, आणि २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ओके अवतरला. म्हणजे 'सगळं बरोबर' असं सांगणाऱ्या शब्दातलं एकही अक्षर बरोबर नाही! पुढच्याच वर्षी अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या पाठीराख्यांनी त्यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावासाठी तो निवडणुकीत वापरला. ब्यूरेनसाहेब पडले, ओके मात्र जगभर निवडून आला.

येणारच! 'हो' म्हटलं की माणूस शब्दात सापडतो, 'नाही' म्हटलं की वाईटपणा येतो. ओके या दोहोंमधल्या बोळातून अलगद सटकतो. 'ऐकलं' आणि 'कबूल' हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात. बोलणारा पहिला धरतो, ऐकणारा दुसरा. आपल्या 'बरं'नेही हाच धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला आहे, तेव्हा अमेरिकेला उगाच नावं ठेवू नयेत.

पण मग ओके म्हटल्याने वचन दिलं जातं की नाही? माझे एक वकील मित्र म्हणतात, शब्द पाहू नये, प्रसंग पाहावा. मला वाटतं, ऐकणाऱ्याकडे पाहावं. गावाकडून म्हातारे वडील फोनवर विचारतात, "रविवारी येतोस ना?" आपण "ओके" म्हणून फोन ठेवतो. आपल्या लेखी ती नुसती पोच. तिकडे रविवारी सकाळपासून अंगणात खुर्ची टाकलेली असते. त्या खुर्चीला ओकेचा एकच अर्थ ठाऊक असतो.

अशा ठिकाणी सरळ 'येतो' म्हणावं, नाहीतर 'जमणार नाही' म्हणावं. वाईटपणा येतो खरा. पण खुर्ची तरी वेळेवर आत घेता येते.