रंगविलेले भय आणि खोटी साक्ष

आमच्या धर्मग्रामातील युवकांनी मध्यंतरी सभागृहात एक जुना इंग्रजी भयपट दाखविण्याचे योजिले. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मूळ चित्रपट कृष्णधवल. परंतु मुलांनी रंगीत प्रत मिळविली होती. ‘फादर, चित्रपट तोच आहे, फक्त रंग भरलेत,’ असे एकाने आम्हांस सांगितले. त्या ‘फक्त’पाशी आमचे मन अडखळले.

चित्रपटाची कथा अशी : मेलेली माणसे उठून जिवंतांवर तुटून पडतात. शेतावरच्या एका घरात सात माणसे अडकतात. त्यांना धीर देणारा बेन हा कृष्णवर्णीय तरुण तेवढा रात्रभर तगतो; पण सकाळी मदतीला आलेले बंदूकधारी गोरे लोक त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. मूळ चित्रपटात जिवंत व मृत एकाच करड्या छायेत वावरतात. कोण माणूस आणि कोण प्रेत, हे दुरून ओळखता येत नाही. खरे भय तेथेच आहे. १९८६ साली निघालेल्या रंगीत आवृत्तीत मात्र प्रेतांचे चेहरे हिरवे केले गेले. आता शेंबडे पोरही त्यांना ओळखील! मग बेनच्या मृत्यूमागची ती भयंकर गल्लत पटावी कशी? रंगाने नुसती शोभा आणली नाही. त्याने अर्थ बदलला.

असे करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. वितरकाने चित्रपटाचे नाव बदलले तेव्हा नव्या शीर्षकाखाली हक्काची सूचना घालावयाची राहून गेली आणि चित्रपट सर्वांना मोकळा झाला. १९९९ साली मूळ सहलेखक जॉन रूसो यांनी त्यात नवी दृश्ये व नवे संगीत घातले. रोमेरो त्यात नव्हते. नव्या दृश्यांत एक धर्मोपदेशकही आहे. आम्हांस त्याचा आनंद व्हावा. पण न बोलाविता दुसऱ्याच्या घरात शिरलेला उपदेशक आम्हांस रुचत नाही. कायद्याने जे चालते ते नीतीनेही चालतेच असे नाही, हे सुजाण वाचकांस सांगावयास नको.

तर मग रंग सर्वथा वर्ज्य मानावा काय? तसेही नाही. मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटात रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित करून प्रतींना निळी छटा दिली होती. पुढे छटा नसलेल्या प्रती फिरू लागल्या आणि सूर्यप्रकाशाने नष्ट होणारा तो रक्तपिपासू भर उन्हात शवपेटी घेऊन हिंडताना दिसू लागला. तेथे निळा रंग परत देणे हेच सत्य होय. म्हणजे प्रश्न रंगाचा नाही, साक्षीचा आहे : कर्त्याला जे सांगावयाचे होते, तेच आपण त्याच्या नावावर सांगत आहोत काय?

येथे आपल्या घरातील एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० साली लिहिण्यात फादर डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. हेतू चांगला होता. १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली आणि जुने चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना त्यांच्यावर कात्री चालली. १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो राक्षस एका लहान मुलीबरोबर तळ्यात फुले सोडतो. फुले संपतात, मुलगीही फुलासारखी तरंगेल असे समजून तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडताच कासावीस होतो. कात्री लागल्यावर उरले ते इतकेच : राक्षसाचे पुढे झालेले हात, आणि नंतर बापाच्या हातांतील मुलीचे प्रेत. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकाने अधिक अभद्र ते कल्पिले. अजाणतेपणी घडलेला मृत्यू जणू जाणूनबुजून केलेले पाप ठरला. नीतीच्या नावाने एका अजाण जिवावर खोटा आळ आला! १९८० च्या दशकात ते दृश्य पुन्हा जोडले गेले, हे बरे झाले.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. मूळ प्रत जपून ठेवली, बदल कोणी व केव्हा केला हे स्पष्ट लिहिले, तर रंगीत आवृत्ती काढण्यात आम्हांस पाप दिसत नाही. तिच्यामुळे एखादा तरुण मूळ कृतीकडे वळलाही तर वळेल. मात्र ‘तोच चित्रपट’ म्हणून ती पुढे करणे ही खोटी साक्ष आहे, आणि तीही बहुधा अशा माणसांविरुद्ध, जी उत्तर द्यावयास हयात नाहीत. पालकांनाही आमचे एवढेच सांगणे : एखादा चित्रपट मुलांच्या वयास योग्य नसेल तर तो दाखवू नका, परंतु मोडूनतोडून, तोच म्हणून दाखवू नका.

युवकांनी अखेर कृष्णधवल प्रतच लावली. संपल्यावर त्याच मुलाने आम्हांस विचारले, ‘फादर, त्या लोकांनी गोळी घालण्यापूर्वी बेनला एक हाक का मारली नाही?’ त्या प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.