पितळेचा तुकडा

ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी एक गोष्ट हमखास सांगतो. १९४० साली स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात एक बग होता. नाक झटकन खाली केलं की कार्ब्युरेटरमधलं इंधन वर उसळायचं, इंजिन आचके द्यायचं आणि मग जादा इंधनाने गुदमरायचं. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन थेट इंजेक्ट व्हायचं, त्यामुळे ती सरळ खाली सूर मारून निसटायची. बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये तोडगा काढला: इंधनाच्या वाटेत बसवायचा, नेमक्या मापाचं भोक असलेला पितळेचा छोटा तुकडा. याहून देखणा हॉटफिक्स मला माहीत नाही.

ही विमानं मला आवडतात. युद्ध आवडत नाही. हे दुसरं वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता त्याचाच संशय येतो.

स्पिटफायरचा तो लंबवर्तुळाकार पंख घ्या. लोक त्याच्या प्रेमात पडतात, मीही पडलो. पण ते वळण शोभेसाठी नव्हतं. पंख पातळ हवा होता, आणि तरी त्यात चाकं आणि आठ मशीनगन मावायला हव्या होत्या. म्हणजे मला जी रेषा सुंदर वाटते, ती बंदुकांना जागा करून देताना तयार झाली. बंदुका वजा करून उरलेल्या सौंदर्यावर प्रेम करायचं म्हटलं, तर तो पंखच उरत नाही.

‘ते बचावाचं विमान होतं’ हे उत्तर सोयीचं आहे, आणि १९४० च्या इंग्लंडपुरतं खरंही. फक्त मला १०९ सुद्धा तितकीच आवडते. तिच्या इंजेक्शन पंपाचं चित्र मी तासभर पाहत बसू शकतो. मग बचावाचा मुद्दा कुठे गेला?

मला वाटतं, ओढ समजण्याची आहे. एफ-३५ मध्ये लाखो ओळींचा कोड आहे. तो अख्खा कुणा एकाच्या डोक्यात मावणार नाही. मर्लिन मात्र नकाशा पुढ्यात घेतला तर कळतं. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेला कोड उपसणाऱ्या माणसाला याचं केवढं सुख! आणि वय झाल्यामुळे ती विमानं निरुपद्रवी वाटतात, अंगणात ठेवलेल्या जुन्या तोफेसारखी. सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या वुल्स्टनच्या स्पिटफायर कारखान्यावर बॉम्ब पडले, माणसं मेली. तिथे ते यंत्र कुणाला निरुपद्रवी वाटलं नसणार.

शिलिंगबाईंच्या तुकड्याने वैमानिक वाचले, हे मी मुलांना सांगतो. त्याच तुकड्यामुळे सूर मारून निसटणाऱ्याचा पाठलागही करता येऊ लागला. हा भाग मी आजवर गाळत आलोय.